ई-रीडर घेण्याआधी पुस्तकांची यादी करा

ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तके वाचण्यासाठीचे यंत्र, घ्यावा का आणि घेतला तर कोणता, असे विचारणारी पत्रे या सदराकडे सतत येत असतात. त्यांतील चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पहिले उत्तर लांबले आहे, पण त्यातील बराचसा भाग इतर वाचकांनाही लागू पडेल.

प्रश्न : मी सांगलीची निवृत्त शिक्षिका असून माझे वय ६८ आहे. २०१९ च्या महापुरात घरातली खालच्या कप्प्यांतली सगळी पुस्तके गेली आणि तेव्हापासून नवी पुस्तके विकत घ्यायला हात धजावत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बारीक टाइप वाचताना त्रासही होतो. मुलगा म्हणतो किंडल घे, शेजारी म्हणतात टॅब घ्या, त्यात सगळेच होते. मला मुख्यतः मराठीच वाचायचे आहे. काय घ्यावे?

उत्तर : मुलाचा आणि शेजाऱ्यांचा, दोघांचाही सल्ला जरा वेळ बाजूला ठेवा आणि एका कागदावर येत्या वर्षभरात वाचावीशी वाटणारी दहा पुस्तके लिहून काढा. मग त्या प्रत्येक पुस्तकापुढे, ते ई-पुस्तक म्हणून मिळते का आणि कोणत्या दुकानात मिळते, एवढे मुलाकडून लिहून घ्या. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या कागदावर असेल. इंग्रजी वाचणाऱ्याला हा खटाटोप करावा लागत नाही, कारण त्याला हवे ते पुस्तक बहुधा सगळ्याच दुकानांत असते. मराठी ई-पुस्तके मात्र निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेली आहेत आणि एका ठिकाणचे पुस्तक दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रावर उघडेलच असे नाही.

किंडल हा ॲमेझॉन कंपनीचा ई-रीडर. त्याच्या ऑनलाइन दुकानात मराठी पुस्तके २०१६ च्या डिसेंबरात हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम पुस्तकांबरोबर आली. त्यानंतर संख्या बरीच वाढली असली, तरी शोधायला बसल्यावर एखाद्या लेखकाची चार पुस्तके सापडतात आणि नेमके आपल्याला हवे असलेले पाचवे सापडत नाही, हा अनुभव मी पुष्कळदा घेतला आहे. बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या संकेतस्थळावरची ई-पुस्तके त्यांच्याच ॲपमध्ये वाचावी लागतात आणि ते ॲप किंडलवर चालत नाही. याखेरीज महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने आणि ई साहित्य प्रतिष्ठानाची पुस्तके मोफत मिळतात, पण ती पीडीएफ स्वरूपात असतात.

हे पीडीएफ प्रकरण नीट समजून घ्यावे, कारण पुष्कळांचा विरस इथेच होतो. ई-पुस्तकात अक्षर मोठे केले की ओळी नव्याने मांडल्या जातात. पीडीएफ म्हणजे मात्र पानाचे जसेच्या तसे चित्र असते. डेमी आकाराचे छापील पान साडेपाच इंच रुंद असते, तर सहा इंची ई-रीडरची स्क्रीन (हे माप कर्णाचे असते) जेमतेम ३.६ इंच रुंद. म्हणजे छापील पुस्तकात १२ पॉइंटचे असलेले अक्षर त्या स्क्रीनवर आठ पॉइंटचे होते. ज्या बारीक टाइपाला कंटाळून आपण यंत्र घेणार, तो टाइप यंत्रावर आणखी बारीक होऊन समोर येतो. पान मोठे करून डावीकडे-उजवीकडे सरकवत वाचता येते खरे, पण अशा रीतीने कोणी कादंबरी संपवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आपल्या यादीत पीडीएफच जास्त निघाली, तर दहा इंची स्क्रीनला पर्याय नाही. तसली यंत्रे महाग आणि जड असतात. किंडल स्क्राइब या दहा इंची यंत्राचे पहिले रूप ४३३ ग्रॅमचे होते, जवळपास एखाद्या जाडजूड कादंबरीइतके.

आता डोळ्यांविषयी. ई-रीडर आणि टॅब यांच्यातला फरक स्क्रीनच्या जातीचा आहे. ई-रीडरच्या स्क्रीनमध्ये अतिसूक्ष्म कुप्यांचा थर असतो. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण तरंगत असतात, त्यांच्यावरचा विद्युतभार परस्परविरुद्ध असतो, आणि अक्षर जिथे हवे तिथले काळे कण वर येतात. एकदा कण वर आले की ते तिथे राहण्यासाठी वीज लागत नाही. म्हणूनच वाचण्यापुरती बॅटरी फक्त पान उलटताना खर्च होते आणि चार्जिंग आठवड्यांच्या हिशेबात मोजता येते. (जाहिरातीतले आठवडे रोज अर्धा तास वाचन आणि वायफाय बंद असे धरून मोजलेले असतात, आपण शिक्षिका असल्याने रोज अर्ध्या तासावर थांबणार नाही, हे मी गृहीत धरतो.) अमेरिकेतल्या एमआयटीमधील संशोधनातून ही स्क्रीन निघाली, तिच्यासाठी १९९७ मध्ये ई-इंक ही कंपनी स्थापन झाली, २००४ मध्ये सोनीने जपानात ती वापरून पहिला ई-रीडर विकायला आणला आणि २००७ च्या नोव्हेंबरात पहिला किंडल आला.

ही स्क्रीन कागदासारखी बाहेरच्या उजेडात वाचायची असते, त्यामुळे दुपारच्या उन्हात अंगणात बसूनही ती स्वच्छ दिसते. टॅब तिथे आरसा होतो. रात्रीसाठी कडेला बसवलेले छोटे दिवे स्क्रीनच्या पृष्ठभागावर उजेड पाडतात. टॅबमध्ये दिवा मागे असतो आणि त्याचा प्रकाश थेट आपल्याकडे येतो. हार्वर्डच्या संशोधकांचा एक प्रयोग २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यात १२ जणांनी झोपण्यापूर्वी चार तास टॅबवर वाचले, तेव्हा छापील पुस्तकाच्या तुलनेत त्यांना झोप लागायला सरासरी दहा मिनिटे उशीर झाला. त्या निबंधात टॅबलाच ‘ई-रीडर’ म्हटले असल्याने पुढे बराच गोंधळ झाला, पण प्रयोग ई-इंकच्या स्क्रीनवर केलेला नव्हता. माझ्या मते टॅबची खरी अडचण वेगळीच आहे. वाचता वाचता त्यावर नातवाचा फोटो येतो, मग भाचीचा निरोप येतो आणि पुस्तक राहून जाते.

मोठ्या अक्षरांची एक मराठी अडचण दुकानदार सांगत नाहीत. आपली भाषा प्रत्यय जोडत जाते. ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’ हा एक शब्द आणि ‘शस्त्रक्रियेनंतरच्या’ हा दुसरा, एवढ्यावर सहा इंची स्क्रीनची मोठ्या अक्षरातली एक ओळ भरून जाते. पुढचा लांब शब्द मावला नाही की तो खाली उतरतो आणि ओळीत मोठमोठ्या फटी पडतात. त्यासाठी दोन उपाय आहेत : ओळी दोन्ही कडांना जुळवण्याची सोय बंद करून फक्त डावी कड सरळ ठेवावी, आणि यंत्र घेताना सहाऐवजी सात इंची घ्यावे. एका इंचाचा हा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो.

पुस्तक विकत घेण्यापूर्वी त्याचा मोफत नमुना उतरवून घ्या आणि शिक्षिकेच्या नजरेने तपासा. जुनी मराठी पुस्तके युनिकोडपूर्वीच्या (युनिकोड म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत) फाँटांत जुळवलेली होती. त्यांचे रूपांतर घाईने केले की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातून चाललेला माणूस एकदम समुद्रात पोहोचतो. ‘वाङ्मय’ हा शब्द, ‘ऱ्हास’मधला अर्धा र आणि ‘ॲ’ ही तीन ठिकाणे बघितली की प्रकाशकाने मुद्रितशोधन केले आहे की नाही ते पाच मिनिटांत कळते. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाऐवजी हिंदी वळणाचे दिसतील, त्याची मात्र सवय करून घ्यावी लागेल. बऱ्याच देवनागरी फाँटांत ते तसेच असतात.

आपण विचारले नसले तरी पैशांविषयी एक गोष्ट सांगतो. सात इंची किंडल पेपरव्हाइट २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतात १६,९९९ रुपयांना विक्रीस आला. चारशे रुपयांचे पुस्तक ई-रूपात तीनशेला मिळते असे धरले, तर यंत्राची किंमत वसूल व्हायला १७० पुस्तके घ्यावी लागतील. महिन्याला एक म्हटले तर चौदा वर्षे. तेवढा काळ त्याची बॅटरीसुद्धा टिकायची नाही. तेव्हा बचतीसाठी हे यंत्र कोणी घेऊ नये. आपल्याला ते घ्यायचे कारण आहे ते अक्षरांच्या आकाराचे, दोनशे अकरा ग्रॅम वजनाचे, आणि पुन्हा पाणी आलेच तर यंत्र गेले तरी पुस्तके खात्यावर शिल्लक राहण्याचे. यादीतली सहा-सात पुस्तके किंडलच्या दुकानात सापडली, तर सात इंची किंडल घ्या. बहुतेक बुकगंगावर निघाली, तर ॲन्ड्रॉइडवर चालणारा, म्हणजे ज्यावर ते ॲप घालता येईल असा, ई-इंक रीडर मिळतो का ते पाहा. बूक्स हे त्यातले एक नाव आहे. तो खिशाला परवडत नसेल तर साधा टॅब घेऊन त्यावरचे निरोप बंद करा. आणि दहातली तीनच मिळाली, तर पैसे राखून ठेवा, नगर वाचनालयाची वर्गणी चालू ठेवा आणि एक चांगले भिंग घ्या. कोणताही निर्णय करण्यापूर्वी कोणाकडून तरी यंत्र आठ दिवस उसने आणून एक अख्खे पुस्तक त्यावर वाचून पाहावे.

घेतलेच, तर पहिल्या दिवशी त्याला जाड कव्हर घाला. माझे पहिले यंत्र लोकलमध्ये पिशवीतल्या जेवणाच्या डब्याखाली दबले आणि स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ कायमची उमटली. दुरुस्तीचा खर्च विचारला तेव्हा, नवीनच घ्या, असे उत्तर मिळाले.

प्रश्न : गेल्या नऊ-दहा वर्षांत मी सव्वाशेच्या आसपास ई-पुस्तके विकत घेतली. ती माझ्या मालकीची आहेत, असे समजावे का? माझ्यामागे ती मुलीला मिळतील का? (नाशिक)

उत्तर : समजू नये. आपण पैसे भरले ते वाचण्याच्या परवान्याचे, आणि तो परवाना आपल्या खात्याशी बांधलेला आहे. छापील प्रत एकदा विकली गेली की पुढे ती कोणी कोणाला विकावी, यावर लेखक-प्रकाशकाचे नियंत्रण उरत नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातला जुन्या पुस्तकांचा व्यवहार त्यावरच चालतो. ई-पुस्तकाचा जुना बाजार नाही, ते रद्दीत मिळत नाही आणि कोणाच्या बारशाला भेट म्हणून हातात ठेवता येत नाही.

हे निव्वळ कायद्याचे बोलणे नाही. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेलच्या दोन पुस्तकांच्या काही आवृत्त्या ग्राहकांच्या किंडलमधून दूरवरूनच काढून घेतल्या. विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते, हे कारण खरे होते आणि पैसेही परत दिले गेले. पण त्यांतले एक पुस्तक ‘१९८४’ होते, म्हणजे सत्ताधारी जुना मजकूर नाहीसा करत राहतात अशा राज्याची कादंबरी. कंपनीला नंतर माफी मागावी लागली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे मिळाले आणि पुस्तके गेली. किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची सोय होती, तीही २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली आहे.

यावर मी स्वतः एक साधी विभागणी करतो. एकदा वाचून संपणारी पुस्तके, म्हणजे रहस्यकथा, चालू घडामोडींवरची, प्रवासात लागणारी, ही ई-रूपात घेतो. पुन्हा पुन्हा उघडावीशी वाटणारी आणि घरात राहावीत असे वाटणारी छापील घेतो. सव्वाशेपैकी अशी दहा-पंधरा निघाली, तर त्यांच्या छापील प्रती आताच घेऊन ठेवाव्यात, कारण मराठीत आवृत्ती संपली की पुढची कधी येईल, याचा भरवसा नसतो. कोकणातल्या वाचकांनी मात्र यावर हसू नये. चार महिने भिंती ओलावतात तिथे छापील पुस्तकाच्या चिरंतनतेविषयी बोलायला कसर आणि वाळवीची परवानगी लागते, हे मला ठाऊक आहे.

कराचीही एक गंमत आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर तो सुरुवातीला १८ टक्के होता. २०१८ मध्ये, छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांपुरता, तो ५ टक्क्यांवर आणला गेला. त्यामुळे तेच पुस्तक कागदावर करमुक्त असते आणि स्क्रीनवर गेल्यावर त्याला कर लागतो.

टेलिग्रामवर फुकट फिरणाऱ्या पुस्तकांविषयी आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क टिकतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, हरि नारायण आपटे १९१९ मध्ये. त्यांचे लेखन कोणीही उतरवून घ्यावे. हयात लेखकाची गेल्या वर्षीची कादंबरी तशी फिरत असेल, तर ती चोरी आहे. मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती बऱ्याचदा हजार प्रतींचीसुद्धा नसते, आणि अशा लेखकाच्या बाबतीत मला ही चोरी विशेष खटकते.

प्रश्न : मी पुण्यात राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. खोली लहान आहे आणि पुस्तकांचा ढीग वाढतो आहे. सगळे ई-रीडरवर नेले तर चालेल का?

उत्तर : अभ्यासासाठी नको. २०१८ मध्ये ५४ संशोधनांचा, १ लाख ७० हजारांहून अधिक वाचकांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना अधिक चांगला समजतो, आणि वेळेचे बंधन असेल तेव्हा हा फरक वाढतो, असे आढळले. कथात्मक मजकुरात तसा फरक दिसला नाही. तुमचा अभ्यास माहितीचाच आहे आणि परीक्षाही घड्याळ लावून आहे. त्या आढाव्यातल्या बहुतेक स्क्रीन संगणकाच्या होत्या, हे खरे. पण ॲन मँगन या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये किंडल आणि पुस्तक यांचीच तुलना केली. लांब रहस्यकथा वाचल्यावर घटना कोणत्या क्रमाने घडल्या हे लावताना पुस्तक वाचणारे सरस ठरले. इतिहासाच्या पुस्तकातली सनावळी ‘डाव्या पानावर, तळाशी’ अशी आठवण्याची आपली जी सवय असते, ती बोटांना जाडी न कळणाऱ्या पुस्तकात तुटते.

शिवाय नकाशे, तक्ते, शेजारी लिहिलेल्या नोंदी आणि एकाच वेळी उघडी ठेवलेली तीन पाने, हे सगळे लहान ई-इंक स्क्रीनवर अवघड जाते. पान उलटण्यापूर्वी ती क्षणभर लुकलुकते, आणि मागची शंभर पाने भराभर चाळायची असली की तो क्षण फार मोठा वाटतो. ढीग कमी करायचा तर मागील परीक्षेची मार्गदर्शक पुस्तके खालच्या वर्गातल्या मुलांना देऊन टाका. निकालानंतर कादंबऱ्या वाचण्यासाठी ई-रीडर जरूर घ्या.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीत राहतो. मुले पाच आणि नऊ वर्षांची आहेत आणि त्यांनी मराठी वाचावे अशी इच्छा आहे. भारतातून पुस्तके मागवली की टपालखर्च पुस्तकापेक्षा जास्त होतो. मुलांसाठी ई-रीडर घ्यावा का?

उत्तर : धाकट्यासाठी घेऊ नये. पाच वर्षांच्या मुलाचे पुस्तक निम्मे चित्रांचे असते, आणि रंगीत ई-इंक स्क्रीन आता मिळत असल्या तरी त्यांचे रंग जुन्या, धुऊन फिकटलेल्या कापडासारखे दिसतात. काळी अक्षरे इंचाला ३०० ठिपक्यांनी उमटतात तिथे रंग १५० ठिपक्यांवर भागवतात. त्याला मांडीवर घेऊन, बोट ठेवून वाचून दाखवण्यासाठी छापील पुस्तकच हवे.

मोठ्याचे वेगळे आहे. शाळेत रोमन लिपी वाचणाऱ्या मुलाला जोडाक्षरे जड जातात. ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ष्ट’ मोठ्या आकारात दिसली तर त्यांची घडण त्याला उलगडते, आणि ई-रीडरवर हा आकार हवा तेवढा वाढवता येतो. मात्र त्याच्यासाठी वेगळे यंत्र घेण्यापूर्वी आपल्या स्वतःच्या यंत्रावर दोन गोष्टी वाचून घ्या. त्या यंत्राचा तिथे आणखी एक उपयोग आहे, जो भारतात आम्हाला मिळत नाही. तुमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड असेल तर लिबी या ॲपमधून इंग्रजी ई-पुस्तके घरबसल्या उसनी मिळतात आणि किंडलवर वाचता येतात. त्यामुळे इंग्रजी पुस्तकांवरचा खर्च वाचेल, तो मराठीकडे वळवा.

टपालाचा प्रश्न वाटणी करून सोडवता येईल. मोठ्यांच्या मराठी कादंबऱ्या ई-रूपात घ्या, म्हणजे त्यांचे वजन उरणार नाही. सुट्टीत इकडून परतताना २३ किलोच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी जी जागा उरेल, ती सगळी मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांना द्या, आणि बरणी मात्र दोन पिशव्यांत नीट बांधून घ्या.